आधी वहीत, मग स्क्रीनवर

*सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब बघते. वय २९, बी. कॉम. झालंय, टॅली आणि एक्सेल चांगलं येतं. दीड वर्षापूर्वी प्रोग्रामिंग शिकायचं डोक्यात घेतलं. यूट्यूबवरचे तीन कोर्स अर्धवट राहिले. मग एका क्लासला पस्तीस हजार भरून पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला, सर्टिफिकेटही मिळालं. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण कोरी स्क्रीन समोर आली की एक ओळ सुचत नाही. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी सूचना) म्हणजे काय ते सांगेन, पण तो कधी वापरायचा ते कळत नाही. गणित बेताचं, इंग्रजी त्याहून बेताचं. मुलगा चार वर्षांचा, त्यामुळे वेळ मिळतो तो पहाटेचाच. घरचे म्हणतात, आता एआय कोड लिहितो, तू कशाला डोळे फोडतेस? कुठून सुरुवात करू, की सोडून देऊ?*
*— एक वाचक, सांगली*

ताई,

सोडू नका. पण पाचवा कोर्सही लावू नका.

तुमचं पत्र वाचताना मला माझी डिप्लोमाची प्रॅक्टिकल परीक्षा आठवली. नव्वदचं दशक, निळ्या स्क्रीनवरचं टर्बो सी (सी भाषेत प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर), आणि जर्नलमधले पंचवीस प्रोग्राम मला तोंडपाठ. चिठ्ठी निघाली ती शंभराच्या आतल्या मूळ संख्यांची. मी घडाघडा टाइप केला, चालला. एक्सटर्नल म्हणाले, "आता याच संख्या मोठीपासून लहानपर्यंत छापा." माझे हात थांबले. पाठांतरात तो प्रश्नच नव्हता. दहा मिनिटं मी अर्धविराम इकडचे तिकडे केले. त्यांनी माझं जर्नल चाळलं, "अक्षर छान आहे," म्हणाले आणि पुढच्या मुलीकडे वळले. पास झाले मी, पण ते वाक्य अजून टोचतं.

तुमचं दुखणं तेच आहे, फक्त जर्नलच्या जागी व्हिडिओ आलाय. व्हिडिओत शिकवणारा माणूस लिहितो, प्रोग्राम चालवायला रन दाबतो, उत्तर येतं, आणि आपल्याला वाटतं, हो की, बरोबर आहे. पण उत्तर येण्याआधी ते काय येणार हे आपण सांगितलेलं नसतं. दुसऱ्याने केलेली बेरीज नुसती नजरेखालून घालावी, तसं ते बघणं. तुम्ही हिशेबनीस आहात. ताळा केल्याशिवाय पान उलटत नाही. इथे मात्र ताळा न करता दीड वर्ष पानं उलटलीत.

तेव्हा माझा सल्ला एवढाच, की रन दाबण्याआधी उत्तर वहीत लिहायचं. आमच्या कॉलेजात याला ड्राय रन म्हणायचे आणि सगळे तो टाळायचे. हे करताना कसं वाटतं ते तुमच्याच दुकानातल्या उदाहरणावर दाखवते.

समजा, आजच्या सौद्यात क्विंटलला चार दर निघाले: १४,२५०, १३,८००, १५,१०० आणि १२,९५०. यातला सर्वांत जास्त दर शोधायचाय. बहुतेक जण असं लिहितात: 'जास्त' नावाचा डबा घ्या, त्यात ० ठेवा. यादीतला एकेक दर उचला. तो डब्यातल्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर डब्यात तो ठेवा. यादी संपली की डब्यातला आकडा छापा. वहीत दोन रकाने आखा, एकात उचललेला दर, दुसऱ्यात डब्यात काय आहे ते. १४,२५० आला, डब्यात १४,२५०. १३,८०० आला, डबा तसाच. १५,१०० आला, डब्यात १५,१००. १२,९५० आला, डबा तसाच. उत्तर १५,१००. जुळलं.

आता मालक म्हणाले, सर्वांत कमी दर काढा. सोपं आहे, 'मोठा'च्या जागी 'लहान' लिहू. डब्यात ०. १४,२५० हा ० पेक्षा लहान आहे का? नाही. १३,८००? नाही. १५,१००? नाही. १२,९५०? नाही. उत्तर: शून्य रुपये क्विंटल. शेतकरी ऐकेल तर यार्डात घोषणा होतील!

हे व्हिडिओत बघितलं असतं, तर "सुरुवातीला यादीतला पहिला दर ठेवायचा" हे वाक्य तुम्ही नुसतं ऐकलं असतं. वहीत चार वेळा 'नाही' लिहिलंत की ते वाक्य तुमचं तुम्हालाच सुचतं. आणि ते सुचलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, बाजार बंद असेल आणि यादी रिकामीच असेल, तर 'पहिला दर' आणायचा कुठून? हा प्रश्न पडणं म्हणजे प्रोग्रामिंग. लूपची व्याख्या येणं म्हणजे नव्हे. लूप कधी वापरायचा हेही इथेच कळतं: वहीत तुम्ही तेच काम चौथ्यांदा लिहायला लागलात आणि हात कंटाळला, की तिथे लूप.

पायथनमध्ये हे करून बघा. दोन पोत्यांचं वजन कीबोर्डवरून विचारा, दोन्ही वेळा ५० टाका आणि बेरीज छापा. आधी वहीत उत्तर लिहा. तुम्ही १०० लिहाल. स्क्रीनवर येईल ५०५०. कीबोर्डवरून आलेली गोष्ट पायथनच्या लेखी मजकूर असते, आकडा नव्हे. आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. तुमचं भाकीत चुकलं, त्या एका चुकीतून 'डेटा टाइप', म्हणजे कुठली गोष्ट मजकूर आणि कुठली आकडा, हा अख्खा धडा कळला. भाकीत लिहिलं नसतं, तर तुम्ही नुसतं "अरे, काहीतरी बिघडलं" म्हणून गूगल केलं असतं.

क्लासवाले "डेटा स्ट्रक्चर" (माहिती मांडून ठेवायची पद्धत) म्हणून ज्याची भीती घालतात, ते तुम्हाला बी. कॉम.च्या पहिल्या वर्षापासून येतं. रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत नोंद करणं सोपं, जे घडलं ते तारखेनुसार खाली लिहीत जायचं. पण कवठे महांकाळच्या एखाद्या शेतकऱ्याची बाकी किती असं कुणी विचारलं, तर वर्षाची सगळी पानं चाळावी लागतात. म्हणून खतावणी. नाव काढा, थेट पानावर जा, बाकी समोर. मात्र त्यासाठी प्रत्येक नोंद रोजकीर्दीतून खतवायचे कष्ट आधीच कुणीतरी घेतलेले असतात. पायथनमधली लिस्ट ही रोजकीर्द, आणि डिक्शनरी ही खतावणी. कधी कुठली वापरायची, हे आता तुम्हाला कुणी सांगायला नको: लिहिताना कष्ट परवडतात की शोधताना, एवढंच बघायचं. कॉम्प्युटर सायन्सचा मोठा भाग या देवाणघेवाणीचाच आहे. एका ठिकाणी वेळ वाचवायचा, तर दुसऱ्या ठिकाणी जागा किंवा मेहनत मोजायची.

शोधण्याचंच आणखी एक. एक्सेलमध्ये व्हीलूकअप (यादीत नाव शोधून त्याच्यापुढचा आकडा आणणारं सूत्र) लावताना शेवटी फॉल्स किंवा शून्य टाकायचं, हे तुम्हाला कुणीतरी शिकवलं असेल. का, ते बहुधा सांगितलं नसेल. ते टाकलं नाही, तर एक्सेल असं धरून चालतं की तुमचा पहिला रकाना क्रमाने लावलेला आहे. मग ते वरून खाली एकेक नाव बघत बसत नाही. थेट मधल्या नावाकडे जातं. हवं ते नाव त्याच्या आधी येतं की नंतर, बघतं, आणि अर्धी यादी टाकून देतं. उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. ४,००० नावं असली, तरी जास्तीत जास्त १२ वेळा बघून काम होतं. यादी दहा लाखांची झाली तरी २० वेळा. याला बायनरी सर्च म्हणतात. पण रकाना क्रमाने नसेल, तर तेच एक्सेल चुकीची अर्धी यादी टाकून देतं आणि भलत्याच शेतकऱ्याचा आकडा तुमच्यापुढे ठेवतं, तोही बिनदिक्कत, एकही लाल खूण न दाखवता. असा भलता आकडा तुम्ही कधी ना कधी बघितला असणारच. तेव्हा एक्सेलला शिव्या दिल्या असतील; आता कारण कळलं.

आणि हे सगळं आपल्यालाच अवघड जातंय असं वाटू देऊ नका. बायनरी सर्चची कल्पना १९४६ पासून छापील स्वरूपात आहे. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक या जाणत्या प्रोग्रामरने जाहीर लिहिलं, की जावा या भाषेच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) त्यानेच लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षं एक चूक दडून होती. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागलं होतं. यादी प्रचंड मोठी असली, तर ती बेरीज २१४,७४,८३,६४७ या पूर्णांकाच्या कमाल मर्यादेपुढे जायची आणि आकडा उलटून ऋण व्हायचा. टर्बो सीमध्ये मला हाच अनुभव ३२,७६७ ला आला होता. त्यात एक मिळवला की उणे ३२,७६८. त्या काळात मी तो कॉम्प्युटर बिघडला असं समजून लॅब असिस्टंटला बोलावलं होतं.

आता तुमच्या धंद्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पैसे. पायथनला ०.१ अधिक ०.२ किती ते विचारा. वहीत ०.३ लिहून ठेवा. येईल ०.३०००००००००००००००४. हसू नका, यात पायथनचा दोष नाही. आपण दशमानात एक तृतीयांश लिहायला गेलो, तर ०.३३३३ संपतच नाही. कुठेतरी तोडावं लागतं. संगणक आतून शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहितो, आणि त्या पद्धतीत आपला साधा एक दशांशसुद्धा तसाच न संपणारा आहे. तो तोडावा लागतो. तोडलेला तुकडा इवलासा असतो, पण साचत जातो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. तिचं घड्याळ एक दशांश सेकंदाच्या पटीत मोजायचं. शंभर तासांत सुमारे ०.३४ सेकंदाचा फरक साचला, येणारं स्कड क्षेपणास्त्र तिला नीट दिसलं नाही, आणि २८ सैनिक मेले. अडत दुकानात कुणी मरणार नाही, पण वर्षअखेरीला ताळेबंदात पाच पैशांचा फरक शोधत रात्र घालवायची म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. उपाय जुनाच आहे: रुपये नाही, पैसे मोजा. १४,२५० रुपये ५० पैसे म्हणजे १४,२५,०५० पैसे, पूर्णांक. छापताना शेवटी शंभराने भागा. आणि हो, पायथनचं राउंड २.५ ला २ करतं आणि ३.५ ला ४. खरंच करतं, बघा करून. पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदावर, पूर्ण रुपये छापणार असाल, तर हे आधी माहीत असलेलं बरं.

गणित बेताचं, असं तुम्ही लिहिलंत. वर जे वाचलंत त्यात बेरीज, भागाकार आणि अर्ध्याचं अर्धं याच्यापलीकडे काय होतं? एआयचं मॉडेल आतून समजून घ्यायचं असेल, तेव्हा गणित लागेल. तेव्हाचं तेव्हा.

इंग्रजी मात्र थोडं लागतं, पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही. पायथनमध्ये राखीव शब्द जेमतेम ३५ आहेत. डब्यांना नावं तर चक्क मराठीत देता येतात. 'हमाली', 'तोलाई', 'पोती' ही नावं पायथन ३ बिनतक्रार घेतो. सुरुवातीला तशीच द्या. पुढे दुसऱ्यांबरोबर काम करताना रोमन लिपीत लिहाल. इंग्रजी खरं लागतं ते चूक झाल्यावर पायथन दाखवतो ते संदेश वाचायला, आणि ते लांबलचक लाल बाड बघून लोक घाबरतात. ते खालून वाचायचं. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या वरच कुठल्या ओळीत ते असतं. नेमएरर म्हणजे बहुतेकदा स्पेलिंग चुकलंय. टाइपएरर म्हणजे मजकूर आणि आकडा एकत्र कालवलाय. असे सात-आठ संदेश वहीच्या मागच्या पानावर मराठीत उतरवून ठेवा, वर्षभर पुरतात. मराठी मजकुराची एक गंमत जाता जाता: पायथनला 'सांगली' या शब्दाची लांबी विचारा. आपण तीन अक्षरं म्हणू; तो सहा म्हणेल, कारण काना, अनुस्वार आणि वेलांटी त्याच्या लेखी वेगवेगळे. पट्टीवर शेतकऱ्यांची नावं सरळ रेषेत छापायला जाल, तेव्हा हे आठवेल.

कुठली भाषा हा प्रश्न पत्रात नव्हता, पण मनात असेलच. पायथन येतंय ना थोडं, तेच धरा. बदलू नका.

एआयबद्दल तुमच्या घरचे अर्धं बरोबर बोलतात. तो कोड लिहितो, पुष्कळदा चांगला लिहितो. पण मघाचा शून्य रुपये क्विंटलवाला प्रोग्रामही तो तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देऊ शकतो, आणि तो तपासायचा कुणी? ज्याला रनच्या आधी उत्तर सांगता येतं त्यानेच. टॅली आल्यावर हिशेबनिसाची गरज संपली नाही. नुसती बेरीज करणाऱ्याची संपली. म्हणून पहिले तीन-चार महिने त्याच्याकडून कोड अजिबात लिहून घेऊ नका. वापरायचाच असेल, तर उलटा वापरा: त्याला म्हणा, "मला दहा ओळींचा प्रोग्राम दे, पण उत्तर सांगू नको, मी ओळखते." गुरुजी म्हणून तो बरा आहे. कारकून म्हणून ठेवायला तुम्ही अजून मालक झालेला नाही.

शिकायला काय घ्यायचं? एकच काहीतरी. इंग्रजी झेपत असेल, तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथनमधून अल्गोरिदम (काम सोडवायच्या पायऱ्या) शिकवणारा एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा, अभ्यासक्रम फुकट आहे. तो शांत, पायरीपायरीने जाणारा, जाहिरातबाजी नसलेला आहे. मराठीतून ऐकायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसचे छोटे धडे मराठी निवेदनात आहेत. हार्वर्डचा सीएस५० हा प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम गाजलेला आहे आणि फुकटही, पण त्याचा वेग नोकरी-मूल सांभाळणाऱ्या बाईला दमवणारा आहे. तो पुढच्या वर्षी. ड्राय रन ताडून बघायला पायथन ट्यूटर नावाची साइट आहे. ती एकेक ओळ चालवून कुठल्या डब्यात काय आहे ते चित्रात दाखवते. आधी वही, मग ती. उलट क्रम केलात, तर पुन्हा व्हिडिओ बघितल्यासारखंच.

पहाटेचा वेळ किती मिळतो ते तुम्ही लिहिलं नाही. पाऊण तास धरते. त्यातली पंधरा मिनिटं धडा, अर्धा तास वही आणि हात. रविवारी नवीन काही नको. फक्त आठवड्यात लिहिलेलं एक काहीतरी न बघता पुन्हा लिहायचं. आणि मूल उठलं, तर उठा. अर्धवट राहिलेला प्रोग्राम रुसत नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तुमच्या दुकानाची पट्टी करायला घ्या. समजा १२ पोती, ६४८ किलो, दर १४,२५० क्विंटलला. त्यातून हमाली, तोलाई वजा जाता हातात किती. हमाली-तोलाई कापण्याआधी रक्कम ९२,३४० यायला हवी, ती मी इथे मुद्दाम देऊन ठेवते. खऱ्या वह्यांना, खऱ्या टॅलीला हात लावायचा नाही. मागच्या वर्षीच्या नोंदींची प्रत घ्या आणि तिच्यावर खेळा. मालकांना दाखवायची घाई नको. एक चुकीची पट्टी छापून गेली, तर पुढची दोन वर्षं ते त्याच पट्टीबद्दल बोलतील.

नोकरी मिळेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि क्लासवाल्यांसारखं पॅकेज मी सांगणार नाही. एवढं बघते आहे, की हिशेब कळणारे पुष्कळ आणि कोड लिहिणारेही पुष्कळ, पण हमाली म्हणजे काय हे माहीत असून कोड लिहिणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. हातातली नोकरी सोडू नका, त्या पस्तीस हजारांचं दुःखही सोडून द्या. ते बुडीत खात्यात टाका.

एक गृहपाठ देते. पट्टी जमली, की खतावणी लिहा: शेतकऱ्याचं नाव सांगितलं की त्याची बाकी दाखवणारी डिक्शनरी, नावाच्या पुढे रक्कम. आता तुमच्या यार्डात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन शेतकरी असणारच. पहिल्याची बाकी ८,००० नोंदवली, मग त्याच नावाने दुसऱ्याची ३,५०० नोंदवली. त्यानंतर ते नाव विचारलं, तर काय छापून येईल, आणि उरलेले पैसे कुठे गेले? रन दाबू नका. वहीत लिहा, आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा.